भयगंडावर व्हीआर उपचार: पुण्यात पहिल्यांदाच घेणाऱ्यांसाठी

सोसायटीचा पुनर्विकास झाला, दुसऱ्या मजल्यावरचं घर अकराव्यावर गेलं आणि आता आईला लिफ्टमध्ये पाय ठेववत नाही. हिंजवडीतल्या कंपनीने परदेशी जायची संधी दिली आहे, पण विमानाच्या नुसत्या विचाराने मुलाच्या पोटात गोळा येतो. डॉक्टरांनी एमआरआय सांगितलाय आणि रुग्ण यंत्राच्या तोंडाशी जाऊन परत फिरलाय. गल्लीतल्या कुत्र्यांमुळे सकाळचं फिरणं सोडून दिलेले तर प्रत्येक पेठेत सापडतील. अशा माणसांना हल्ली कोणी ना कोणी सांगतं, "अहो, आता डोळ्यांवर ते यंत्र लावून उपचार करतात, बघा ना जाऊन." ते यंत्र म्हणजे हेडसेट, आणि तो लावल्यावर चहूकडे दिसणारं, संगणकाने उभारलेलं खरं भासणारं दृश्य म्हणजे व्हीआर, व्हर्च्युअल रिॲलिटी. हा लेख त्या टप्प्यावरच्या लोकांसाठी आहे. मी मानसोपचाराच्या क्षेत्रात काम करते, हे उपचार चालू असताना शेजारच्या खुर्चीत बसते, आणि पहिल्यांदा येणारा माणूस कुठे अडखळतो ते जवळून बघते.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. भीती वाटत असताना त्या जागी थांबायचं, आणि जे भयंकर होईल असं वाटत होतं ते झालं नाही, किंवा झालं तरी निभावता आलं, हे स्वतः अनुभवायचं, यातून माणूस बरा होतो. हेडसेटचं काम तेवढं थांबणं शक्य करून देण्याचं. म्हणून हेडसेट कोणत्या कंपनीचा आहे यापेक्षा शेजारी कोण बसलंय आणि हेडसेट उतरवल्यावर पुढच्या आठवड्यात तुम्ही काय करणार आहात, हे प्रश्न मोठे आहेत.

आधी भीती नेमकी कशाची, ते ठरू द्या

पाल अंगावर पडली आणि किंचाळलात, तर तो आजार नाही. भयगंडातली भीती ठरावीक गोष्टीची असते, खऱ्या धोक्याच्या मानाने फार मोठी असते, साधारण सहा महिने किंवा जास्त टिकलेली असते आणि तिच्यामुळे रोजचं जगणं अडतं. यातलं शेवटचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सापाला घाबरणाऱ्या आणि सदाशिव पेठेत राहणाऱ्या माणसाचं बहुधा काहीच अडत नाही. तीच भीती मुळशीत भातशेती करणाऱ्याला असेल तर त्याचं पोट अडतं.

आता लिफ्टचंच घ्या. तीन माणसं येतात आणि तिघंही म्हणतात, "मला लिफ्टची भीती वाटते." पहिल्याला वाटतं दोर तुटून लिफ्ट खाली कोसळेल. दुसरीला वाटतं आत हवा संपेल आणि आपण गुदमरू. तिसऱ्याला लिफ्टचं काहीच वाटत नाही, त्याला वाटतं की आत अडकल्यावर आपल्याला भीतीचा झटका येईल, छाती धडधडेल आणि सगळे बघत राहतील. हा तिसरा गर्दीच्या बसमध्ये आणि लग्नाच्या हॉलमध्येही तसाच अस्वस्थ होतो. त्याचं निदान बहुधा वेगळं निघतं आणि उपचाराची आखणीही वेगळी होते. अपघातानंतर गाडीत बसायची भीती, पालीला शिवलो तर विटाळ होईल म्हणून दिवसभर हात धुणं, उंचीवर गेल्यावर खरोखरच गरगरणं (यात कानाचा दोष असू शकतो, आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा), ही सगळी वरून भयगंडासारखी दिसतात. म्हणून पहिली पायरी हेडसेटची नसून तासभर बसून नीट बोलण्याची आहे. पहिल्याच भेटीत काही न विचारता हेडसेट चढवणाऱ्या ठिकाणाहून उठून यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

रक्त, जखम आणि इंजेक्शन यांची भीती इतर सगळ्या भीतींहून निराळी आहे. बाकीच्या भीतीत रक्तदाब वाढलेला राहतो आणि माणूस सहसा बेशुद्ध पडत नाही. या भीतीत तो आधी वाढतो आणि मग एकदम खाली येतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस खरंच कोसळतो. त्याला "शांत व्हा, अंग सैल सोडा" असं सांगणं उलट पडतं. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-ग्योरान ओस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात यासाठी स्नायू ताणण्याची पद्धत बसवली. हात, पाय आणि पोटाचे स्नायू दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळायचे, चेहरा गरम झाल्यासारखा वाटला की नेहमीच्या स्थितीत यायचं, अर्ध्या मिनिटाने पुन्हा, असं पाचेक वेळा. हे जमायला लागल्यावरच सुई दिसणारं दृश्य हेडसेटमध्ये दाखवावं, आणि तेही रुग्ण आडवा किंवा मागे रेललेला असताना. तुमची भीती या प्रकारची असेल तर पहिल्या फोनवरच तसं सांगा.

कोणाकडे जायचं

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकियाट्रिस्ट हे डॉक्टर असतात, त्यांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते आणि ते औषधं देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषधं देत नाहीत. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते आणि परिषदेच्या नोंदवहीत नाव शोधता येतं. समुपदेशक या शब्दाखाली मात्र उत्तम प्रशिक्षण घेतलेले लोकही येतात आणि आठवडाभराचा कोर्स केलेलेही, म्हणून शिक्षण विचारायला संकोचू नका. चांगला माणूस या प्रश्नाने दुखावला जात नाही.

पुण्यात निदानासाठी ससून रुग्णालयात मनोविकृती विभागाची ओपीडी आहे, त्याच आवारात महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था आहे, आणि शहरातल्या बहुतेक मोठ्या खासगी रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. व्हीआरची सोय मात्र सगळीकडे नसते. त्यामुळे निदान एकीकडे आणि व्हीआरची सेशन्स दुसरीकडे असंही होऊ शकतं. त्यात काही गैर नाही, फक्त दोघांना एकमेकांची माहिती असू द्या. कुठून सुरुवात करावी हेच कळत नसेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, क्रमांक १४४१६, मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत.

फोनवर काय विचारायचं? आधी मुलाखत घेऊन निदान करता का? सेशन चालू असताना पूर्ण वेळ खोलीत कोण असतं? माझ्या भीतीचं दृश्य तुमच्याकडे आहे का, आणि ते मला पायरीपायरीने कमी-जास्त करून मिळेल का? प्रत्यक्ष सरावासाठी तुम्ही बरोबर येता का, की तो मी एकट्याने करायचा? या शेवटच्या प्रश्नावर समोरचा गोंधळला, तर दुसरीकडे चौकशी करा.

दृश्यांबद्दल थोडं जास्त सांगते, कारण इथे आपल्याकडच्या लोकांचा विरस होतो. तयार सॉफ्टवेअर बहुतेक परदेशात बनलेलं असतं. त्यातला कुत्रा गुबगुबीत, पट्टा बांधलेला असतो. रात्री दुचाकीमागे भुंकत धावणारी टोळी त्यात नसते. कोळी असतो, पाल शोधावी लागते. आवाज इंग्रजीत असतो. यावर मार्ग आहेत. उपचारक दृश्यातला आवाज बंद करून स्वतः मराठीत बोलू शकतात. काही जण सगळ्या दिशांनी चित्रण करणाऱ्या कॅमेऱ्याने इथलीच दृश्यं टिपून हेडसेटमध्ये दाखवतात. अशा चित्रणात तुम्हाला फक्त मान वळवून बघता येतं, चालत पुढे जाता येत नाही, पण गल्ली आपली असते आणि भीतीला तेवढं पुरतं. आणि पालीसारख्या गोष्टीसाठी व्हीआर नाहीच मिळालं, तर फोटो, मग व्हिडिओ, मग भिंतीवरची खरी पाल हा जुना रस्ता चांगला चालतो.

याला आधार काय?

१९२४ मध्ये अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या एका लहान मुलाला खाऊ देत देत ससा हळूहळू जवळ आणला आणि त्याची भीती घालवली. १९५८ मध्ये जोसेफ वोल्पे यांनी याच तत्त्वावर पायरीपायरीची शिस्तशीर पद्धत मांडली. हेडसेट बराच नंतर आला. १९९५ मध्ये बार्बरा रॉथबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंचीला घाबरणाऱ्या विद्यार्थ्यांना संगणकावर उभारलेले पूल, बाल्कन्या आणि काचेची लिफ्ट यांतून नेलं. तेव्हाची चित्रं अगदी ढोबळ होती, तरीही त्यांच्या छातीत धडधडलं आणि सेशन्सनंतर भीती उतरली. २००० मध्ये याच गटाने विमानाच्या भीतीवर व्हीआर आणि विमानतळावर नेऊन दिलेला उपचार यांची तुलना केली; दोन्ही सारखेच उपयोगी पडले.

२०१८ मध्ये ऑक्सफर्डच्या डॅनियल फ्रीमन यांच्या गटाने उंचीला घाबरणारे १०० लोक घेतले. अर्ध्या लोकांना दहा मजली काल्पनिक इमारतीत नेलं, झाडावरचं मांजर सोडवण्यासारखी कामं दिली. मार्गदर्शक होता तोसुद्धा संगणकातलाच. त्या गटाची भीती सरासरी ६८ टक्क्यांनी कमी झाली. आकडा मोठा आहे, पण दुसऱ्या गटाला कोणताच खास उपचार नव्हता हेही लक्षात ठेवा. मला याहून कामाचा वाटतो तो २००७ चा स्पॅनिश संशोधक आझुसेना गार्सिया-पालासिओस यांचा अभ्यास. भयगंड असलेल्या १५० लोकांना विचारलं, तर खऱ्या गोष्टीला प्रत्यक्ष सामोरं जाण्याचा उपचार २७ टक्के लोकांनी नाकारला, व्हीआरचा फक्त ३ टक्क्यांनी. माझ्या मते व्हीआरची खरी ताकद इथे आहे. एरवी दारातूनच परत गेली असती अशी माणसं ते उंबऱ्याच्या आत आणतं.

हेडसेट चढवण्याआधी हे सांगा

फिट्स येत असतील, पूर्वी आल्या असतील, किंवा चमकणाऱ्या दिव्यांनी त्रास होत असेल तर नक्की सांगा. अर्धशिशी, चक्कर, नुकतंच झालेलं डोळ्यांचं ऑपरेशन, हृदयविकार, पेसमेकर, गरोदरपण, आणि कधी भास झाले असतील तर तेही. यातल्या काहींसाठी डॉक्टरांची लेखी संमती लागेल, काहींसाठी व्हीआर बाजूला ठेवून दुसरी पद्धत घ्यावी लागेल.

औषधांची चिठ्ठी बरोबर न्या. मन शांत करणाऱ्या बेंझोडायाझेपाइन गटातल्या गोळ्या, उदाहरणार्थ अल्प्राझोलम, सेशनच्या आधी घेतल्या तर भीती दबते, आणि मेंदू जे नव्याने शिकणार असतो तेही कच्चं राहतं. "गोळी होती म्हणून जमलं" असं मन म्हणतं. पण गोळी आपल्या मनाने बंद करू नका. रोजची असेल तर एकदम बंद करणं धोक्याचं असतं. लिहून देणाऱ्या डॉक्टरांशीच बोला.

लहानसहान गोष्टी: पोट तुडुंब भरून जाऊ नका आणि उपाशीही जाऊ नका. चष्मा असेल तर मोठी फ्रेम हेडसेटमध्ये बसत नाही, आधी विचारा. चेहऱ्याला लागणारी पट्टी प्रत्येकासाठी पुसली किंवा बदलली जाते का ते डोळ्यांनी बघा. पावसाळ्यात डोळे येण्याची साथ सुरू झाली की मी स्वतः सेशन पुढे ढकलायला सांगते. आणि सेशननंतर लगेच दुचाकी काढू नका. डोकं जड असतं, अंतराचा अंदाज थोडा वेळ चुकू शकतो. अर्धा तास बसा, पाणी प्या, किंवा सरळ रिक्षाने या.

भीतीची शिडी

उपचाराचा कणा हाच आहे. ० म्हणजे अगदी निवांत, १०० म्हणजे सहन होणारच नाही इतकी भीती, असा अंक प्रत्येक प्रसंगाला द्यायचा आणि कमीकडून जास्तीकडे मांडणी करायची.

समजा, कोथरूडमधल्या एक काकू आहेत. नवी इमारत, अकरावा मजला, रोज जिने चढून गुडघे गेलेत. त्यांची शिडी साधारण अशी उतरेल. लिफ्टसमोर उभं राहून दार उघडताना-मिटताना बघणं, १५. आत जाऊन दार उघडं ठेवून उभं राहणं, ३०. दार मिटून एक मजला, ४५. सहा मजले, ५५. माणसांनी भरलेल्या लिफ्टमध्ये मागच्या कोपऱ्यात, ७०. दिवे मिणमिणतात, ८०. दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट थांबते आणि मिनिटभर काहीच होत नाही, ९०. तेच, अंधारात आणि एकटीने, ९५.

शेवटच्या दोन पायऱ्या बघा. सोसायटीच्या खऱ्या लिफ्टमध्ये वॉचमनला सांगून अधांतरी अडकता येत नाही, आणि तसं करूही नये. हेडसेटमध्ये उपचारक एक बटण दाबतात आणि लिफ्ट थांबते. तेच पुन्हा हवं असेल तर पुन्हा. विमानातले हादरे, मांडीवरून निघालेला कोळी, एमआरआयच्या बोगद्यात पडून राहिलेली वीस मिनिटं, हे सगळं असंच आहे. जे प्रत्यक्षात मागून मिळत नाही ते इथे हवं तितक्या वेळा मिळतं.

शिडीच्या शेजारी एक वही ठेवा. प्रत्येक पायरीआधी एका बाजूला लिहायचं, काय होईल असं वाटतंय. नेमकं लिहा. "त्रास होईल" हे पुरेसं नाही. "मिनिटभरात श्वास बंद पडेल आणि मी खाली पडेन" हे चालेल. पायरी झाल्यावर दुसऱ्या बाजूला, काय झालं. मिशेल क्रास्क यांच्यासारख्या संशोधकांच्या कामातून अलीकडे हेच पुढे आलं आहे की अपेक्षा आणि अनुभव यांच्यातली ही तफावत जितकी ठळक, तितकं नवं शिकणं पक्कं. भीतीचा अंक शून्यावर यायची वाट बघायची गरज नसते. काकूंचा अंक ६० वर असतानाही त्या दहा मिनिटं उभ्या राहिल्या आणि श्वास चालू राहिला, तर पायरी झाली.

लिफ्टची केबिन हवाबंद नसते, हवा आत-बाहेर होत राहते. हे एकदा नीट समजून घ्यावं. पण तेच दर पाच मिनिटांनी उपचारकांना विचारून खात्री करून घेत राहिलात तर ती खात्रीच कुबडी बनते. उत्तर वहीत लिहून ठेवा आणि विचारणं थांबवा.

आत गेल्यावर काय होतं

हेडसेट डोक्याला घट्ट पण न रुतणारा बसवतात, चित्र स्पष्ट दिसेपर्यंत भिंगं सरकवतात, आणि सुरुवातीला साधंच काहीतरी दाखवतात, एखादी रिकामी खोली किंवा बाग. तुम्हाला जे दिसतं ते उपचारकांना त्यांच्या पडद्यावर दिसत असतं. मग पहिली पायरी. ते मधेमधे विचारतात, "काकू, आता अंक किती?" तुम्ही म्हणता, "पन्नास." बरं वाटावं म्हणून कमी सांगू नका. इथे कोणी परीक्षा घेत नसतं, आणि अंक चुकला तर पुढची पायरी चुकते.

धडधड होईल, हात गार पडतील, घशाला कोरड पडेल. हे सगळं अपेक्षित आहे, काहीच झालं नाही तर उपचार लागूच पडत नाहीये. "थांबा" म्हटलं की दृश्य थांबतं, तो हक्क तुमचा आहे आणि तो पहिल्या दिवशीच ठरवून घ्या. मात्र डोळे मिटून घेणं म्हणजे न सांगता निघून जाणं. त्यापेक्षा सांगा, एक पायरी खाली उतरू.

लपून केलेल्या बचावांवर लक्ष ठेवावं लागतं. खुर्चीचा हात घट्ट धरणं, काठाकडे न बघता भिंतीकडे बघत राहणं, मनात आकडे मोजणं, सोबतीला आलेल्या सुनेचा हात न सोडणं. आपल्याकडे बरेच जण मनातल्या मनात रामरक्षा किंवा नामस्मरण सुरू करतात. श्रद्धेबद्दल मला आदर आहे आणि कोणाला ती सोडायला सांगायचा प्रश्नच येत नाही. पण "रामरक्षेमुळे लिफ्ट पडली नाही" असं मनाने धरलं, तर "लिफ्ट पडतच नव्हती" हे शिकायचं राहून जातं. म्हणून मी विनंती करते, संध्याकाळी दिव्यापुढे जरूर म्हणा, या दहा मिनिटांत मात्र फक्त लिफ्टकडे बघा. बहुतेकांना हे पटतं.

मळमळ वेगळी आणि भीती वेगळी. डोळ्यांना वाटतं आपण हलतोय, कानातला तोल सांगतो आपण बसलोय, आणि या विसंगतीने उमासे येतात, डोकं जड होतं. हालचाल थांबली की ते हळूहळू ओसरतं. असं झालं तर लगेच सांगा; हालचाल कमी असलेलं दृश्य घेता येतं, बसून करता येतं, आणि सलग वेळ कमी करता येतो. सुरुवातीला पंधरा-वीस मिनिटांनंतर हेडसेट उतरवून थोडी विश्रांती घेणं बरं.

काहींना आत काहीच वाटत नाही. "हे तर कार्टून आहे" म्हणतात आणि अंक पाचच्या वर जात नाही. त्यात त्यांचा दोष नाही. दोन-तीन दृश्यं बदलूनही तसंच राहिलं तर व्हीआर सोडून थेट प्रत्यक्ष सरावाला लागावं. पैसे भरलेत म्हणून उरलेली सेशन्स संपवत बसू नये.

बाहेर या, त्याच आठवड्यात

हेडसेटमध्ये जमलेली पायरी आठवड्याभरात खऱ्या जगात करायची. उशीर केला तर मन म्हणतं, "ते खोटं होतं." पुणं या बाबतीत उदार शहर आहे.

बंद जागेची भीती असेल तर मेट्रो घ्या. वनाज ते रामवाडी मार्ग उन्नत आहे, खिडकीतून उजेड येतो. तिथे सुरुवात करा. मग शिवाजीनगरच्या भुयारी स्टेशनात फक्त उतरा, फलाटावर बसा आणि परत या. त्यानंतर जिल्हा न्यायालय. ते जमिनीखाली सुमारे ३३ मीटर आहे, एकामागून एक सरकते जिने लागतात, आणि प्रत्येक जिना स्वतंत्र पायरी धरता येतो. शेवटी तिथून मंडई किंवा स्वारगेटपर्यंतचा प्रवास, ज्यात गाडी मुठेच्या पात्राखालून जाते. ते आधी सांगू नका असं काही जण म्हणतात. मी सांगते, कारण माहीत असून गेलात तर त्याचा उपयोग जास्त.

उंचीसाठी डेक्कनच्या स्टेशनात नदीकडच्या बाजूला उभं राहता येतं. पर्वतीच्या पायऱ्या रुंद आहेत, वाटेत कुठेही थांबून मागे वळून बघता येतं. वर पोहोचलात की कठड्यापाशी जा. मॉलमधली काचेची लिफ्ट आणि सरकते जिने दुपारी गर्दी नसताना घ्या, मग रविवारी संध्याकाळी. सापाच्या भीतीसाठी कात्रजचं सर्पोद्यान आहे, मध्ये काच असते. तिथे उद्देश काचेपलीकडच्या सापाकडे न पळता बघण्याचा. साप हाताळण्याचा मोह कोणी घालू नये, बाहेरचा साप दिसला तर लांब राहणं हेच शहाणपण आहे. कुत्र्यांच्या बाबतीतही तेच. ओळखीच्या घरातल्या शांत, लस दिलेल्या कुत्र्यापासून सुरुवात करा, भटक्या टोळीत घुसणं हा सराव नव्हे.

विमानासाठी आधी लोहगावच्या टर्मिनलसमोर उभं राहून या, मग पुणे-नागपूरसारखं छोटं उड्डाण. परदेशी जायची तारीख पक्की व्हायच्या बऱ्याच आधी हे करा.

एकाच लिफ्टवर थांबू नका. आपल्या सोसायटीची, मग डॉक्टरांच्या इमारतीतली जुनी जाळीची, मग मॉलची. सकाळी, रात्री, कोणाबरोबर, एकट्याने. मेंदू जागेसकट शिकतो, म्हणून जागा बदलाव्या लागतात. घरच्यांना एक विनंती. "चला, मी आहे ना" म्हणत कायम बरोबर जाऊ नका. पहिल्यांदा आत या, दुसऱ्यांदा वरच्या मजल्यावर उभे राहा, तिसऱ्यांदा घरात थांबा. आणि जमलं नाही तर "एवढ्याशा लिफ्टला काय घाबरायचं" हे वाक्य कृपा करून गिळा.

घरीच ॲप घेऊन करावं का?

सौम्य भीती असेल, वर सांगितलेले आजार नसतील आणि निदान झालेलं असेल, तर घरचा सराव उपयोगी पडतो. पण शिडी कोणीतरी जाणकाराने बघून दिलेली असावी. एकटा माणूस बहुधा दोनांपैकी एक करतो. एकतर सोप्या पायरीवरच रेंगाळतो, नाहीतर पहिल्याच दिवशी गगनचुंबी इमारतीच्या कठड्यावर जाऊन उभा राहतो, घाबरून हेडसेट काढून टाकतो, आणि भीती आणखी घट्ट होते. भीती शिगेला पोहोचलेली असताना पळून जाणं हेच भयगंडाचं खाद्य आहे.

मुलांसाठी घाई करू नका. मेटा कंपनीने २०२३ मध्ये आपल्या हेडसेटसाठीचं किमान वय १३ वरून १० वर आणलं, पण ती परवानगी वापरण्यापुरती आहे, उपचाराची शिफारस नव्हे. लहान मुलांच्या बऱ्याच भीती वयाबरोबर जातात, आणि उरतात त्यांना खेळातून, आईबाबांच्या सोबतीने प्रत्यक्ष सराव चांगला लागू पडतो.

पैसे आणि विमा

एका सेशनचे किती आणि अंदाजे किती सेशन्स, हे मुलाखतीनंतर विचारा. त्याआधी कोणी पक्का आकडा सांगू शकत नाही. एकाच ठरावीक गोष्टीच्या भीतीला सहसा वर्षभर लागत नाही, बऱ्याच जणांचं काम दहाच्या आतबाहेर सेशन्समध्ये होतं. मोठं पॅकेज आगाऊ घेऊ नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांसारखंच विम्याचं संरक्षण द्यायचं आहे. पण तुमच्या पॉलिसीत ओपीडीचा खर्च धरलेला नसेल तर या सेशन्सचे पैसे मिळणार नाहीत, म्हणून पॉलिसीचा तो भाग आधी वाचा.

भीती परत आली तर

येते. लिफ्ट चार महिने बंद होती, काकू मुलीकडे जाऊन राहिल्या, किंवा खरंच एकदा वीज गेली आणि त्या दहा मिनिटं आत अडकल्या. पुन्हा छातीत धडधडतं आणि वाटतं सगळं पाण्यात गेलं. अशा वेळी जुनी वही काढा. तळापासून सुरुवात करायची गरज नसते. ज्या पायरीला अंक पन्नासच्या आसपास येतो तिथून धरा, दोन-चार दिवसांत वर चढता येतं. आठवडा झाला तरी सरकत नसेल तर उपचारकांना फोन करून एखादं सेशन घ्या. आणि जिन्याने जायला सुरुवात झाली असेल, तर ते त्यांना पहिल्याच वाक्यात सांगा.